प्रार्थना केली, उपास केले, तरी भाऊ गेला... मग चमत्काराचा अर्थ काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मग फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो आणि आता लिहायला घेतलंय. थोडं लांब होईल, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाहीच.

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ तीन आठवडे आयसीयूत होता, लिव्हर निकामी झालं होतं, सगळ्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, २१ दिवस उपास-प्रार्थना केली, आणि तो गेला. त्याच महिन्यात तुमच्याच मंडळीतले दुसरे एक गृहस्थ, जवळपास तसेच आजारी, बरे होऊन घरी आले, रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने कसं बरं केलं ते सांगितलं, सगळे हालेलूया म्हणाले आणि तुमची आई मागच्या बाकावर बसून ते ऐकत होती. नंतर बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने आईला सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून आई चर्चला जात नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ख्रिस्ती विश्वासात चमत्काराचा आध्यात्मिक अर्थ नेमका काय आहे?

प्रश्न तुम्ही अर्थाचा विचारलाय, पण मला वाटतं त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे: देवाने आम्हाला नापास केलं का? त्याचं उत्तर आधी देतो. नाही. तुमच्या आईचा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला हे मी मान्य करत नाही, आणि का करत नाही ते शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, दाखवतो.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मी २० पेक्षा जास्त वर्षं पाळक म्हणून काम करतोय, त्यातला बराच काळ हॉस्पिटलमध्ये आजाऱ्यांच्या उशाशी गेलाय, त्यामुळे मी त्या खाटेजवळून बोलतोय. तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली आहे ते मला माहीत नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून असतं. कॅथलिक फादर हाच प्रश्न जरा वेगळा मांडतील, पेंटेकॉस्टल पास्टर वेगळा, आणि काही प्रॉटेस्टंट शिक्षक तर म्हणतील की असे चमत्कार प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या, काळाबरोबरच संपले. मी पुढे जे सांगतोय त्यातलं बहुतेक या सगळ्यांना चालेल असं आहे, जिथे माझं स्वतःचं मत येईल तिथे तसं सांगेन.

आता शब्दापासून सुरू करू. आपल्याकडे म्हणच आहे, चमत्काराशिवाय नमस्कार नाही. म्हणजे चमत्कार म्हटला की आपल्या डोळ्यापुढे येतं ते लोकांना थक्क करून झुकायला लावणारं काहीतरी. पण बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यातलं योहानाचं उघडून बघा, तिथे येशूच्या या कृत्यांना बहुतेक ठिकाणी एकच शब्द वापरलाय, 'चिन्ह'. मूळ ग्रीकमध्ये सेमेयॉन. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत 'सामर्थ्याची कृत्यं' असा शब्द जास्त येतो, ग्रीकमध्ये दुनामिस. 'अद्भुत' या अर्थाचा ग्रीक शब्दही नव्या करारात आहे, पण गंमत बघा, तो येशूच्या कामांसाठी कधी एकटा येत नाही, कायम 'चिन्हे व अद्भुते' असा जोडीनेच येतो. नुसतं थक्क होणं हा मुद्दाच नाहीये, ते कृत्य काय सांगतंय हा मुद्दा आहे.

पहिलंच चिन्ह घ्या, काना गावातलं लग्न. सहा दगडी रांजण, पाण्याने काठोकाठ भरलेले, त्याचा द्राक्षारस झाला. लग्नातल्या कुणाला कळलं? जवळजवळ कुणालाच नाही. भोजनकारभाऱ्याने चाखून बघितला आणि वराचंच कौतुक केलं. योहान मुद्दाम लिहितो की ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं त्यांना माहीत होतं. बस, त्यांना आणि येशूच्या शिष्यांना, तेवढ्यांनाच. नमस्कार घ्यायचा असता तर असा चमत्कार कोण करेल? आणि याच्या अगदी उलट सहाव्या अध्यायात, जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या, ५००० पुरुष जेवले, १२ टोपल्या उरल्या, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, त्याला राजा करायला निघाले, आणि दुसऱ्या दिवशी येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चिन्हं बघितली म्हणून मला शोधत नाही, पोटभर भाकरी खाल्ल्यात म्हणून शोधताय. म्हणजे चमत्कार पोटात गेला तरी चिन्ह हुकू शकतं. त्याच अध्यायाच्या शेवटी त्याचे बरेच शिष्य त्याला सोडून जातात.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची गोष्ट आहे, ज्याच्या पाण्यात उतरलं की बरं होतं असं लोक मानायचे. पाच पडव्या, आणि त्यात आंधळे, लंगडे, लुळे अशा आजाऱ्यांची गर्दी पडलेली. त्यात ३८ वर्षं आजारी असलेला एक माणूस, त्याला येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का, आणि तो बरा होतो. या भागावर मी कितीतरी वेळा उपदेश केलाय, प्रत्येक वेळी त्या एका माणसावर. मग एकदा डायलिसिसला येणाऱ्या एका बाई होत्या, आठवड्यातून तीनदा यायच्या, सुई टोचलेला हात पांढऱ्या चादरीवर सरळ ठेवलेला आणि दुसऱ्या हातात रिपोर्टची फाईल, ती त्या नर्सकडेसुद्धा सहज सोडायच्या नाहीत. त्यांना मी हाच भाग वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळकसाहेब, बाकीच्यांचं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मशीनचा आवाज चालू होता आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

त्यानंतर मी तो अध्याय वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागलो. बाकीचे बरे झाल्याचं शास्त्र सांगत नाही. येशू तिथून निघून गेला. आणि जो बरा झाला त्याचा विश्वास मोठा होता का? त्याला तर आपल्याला कुणी बरं केलं त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं, १३ वं वचन बघा. त्याने काही मागितलंही नव्हतं, उलट तक्रार केली की मला पाण्यात उतरवायला कुणी नाही. मग विश्वासाच्या मापाने चमत्कार वाटले जातात हे गणित इथेच मोडतं की नाही?

आणि हे एकच ठिकाण नाही. नाईन गावच्या विधवेचा मुलगा मेला होता, तिने येशूकडे काही मागितलेलंच नाही, तो समोरून आला, तिची दया आली आणि तिरडीला हात लावला. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजार चार दिवस कबरेत होता, त्याच्या विश्वासाचा प्रश्नच येत नाही. येशूला धरायला आलेल्या टोळीतल्या, महायाजकाच्या दासाचा कान कापला गेला, तो येशूने जोडला, आणि तो तर शत्रूकडचा माणूस. उलटी बाजू बघा, प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे." काटा राहिला. याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं, आणि दुसरा सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असा साधा सल्ला दिला, बरं केलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ तर तुम्ही आईसोबत बसून वाचाच. एकाच अध्यायात हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. दोघंही प्रेषित, दोघंही येशूच्या सगळ्यात जवळच्या तिघांपैकी. का एक गेला आणि एक वाचला, हे पुस्तक लिहिणारा लूक एका शब्दाने सांगत नाही. आणि पेत्रासाठी मंडळी रात्री जमून प्रार्थना करत होती, तो सुटून आला, दार ठोठावलं, रुदा नावाची मुलगी आनंदाने दार उघडायचं सोडून आत पळाली, पेत्र आलाय म्हणून सांगितलं, तर प्रार्थना करणारेच म्हणाले, तुला वेड लागलंय. म्हणजे ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांनाच ती ऐकली जाईल असं वाटत नव्हतं! याकोबाच्या आईचा विचार करा. तिला कुणी जाऊन सांगितलं असेल का की पेत्राच्या लोकांचा विश्वास तुझ्यापेक्षा मोठा होता?

तुम्ही म्हणाल, पण येशू स्वतःच कितीदा म्हणतो ना, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. बरोबर, म्हणतो, आणि नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे फारसं काही करता आलं नाही असंही मार्क लिहितो. ते मी पुसून टाकत नाही. पण ते वाक्य तो कुणाला म्हणतो ते बघा. १२ वर्षं रक्तस्राव होणारी बाई, जिने सगळा पैसा वैद्यांवर घालवला, जी गर्दीत मागून येऊन चोरून वस्त्राला शिवली आणि पकडली गेल्यावर थरथरत पाया पडली, तिला तो 'मुली' म्हणतो आणि मग हे वाक्य म्हणतो. तो तिला धीर देतोय. बऱ्या न झालेल्या एखाद्या आजाऱ्याला किंवा त्याच्या आईला येशू म्हणाला, जा, तुझा विश्वास कमी पडला, अशी एकही जागा चारही शुभवर्तमानांत नाही. मी शोधलीये.

कमी विश्वासाबद्दल तो बोलतो ते कुणाला? आपल्या शिष्यांना! फेपरं येणाऱ्या त्या मुलाची गोष्ट मत्तय १७ आणि मार्क ९ मध्ये आहे. शिष्यांना मुलाला बरं करता आलं नाही, नंतर त्यांनी एकांतात विचारलं का, तेव्हा येशू म्हणाला तुमच्या अल्पविश्वासामुळे. आणि मुलाचा बाप? तो सगळ्यांसमोर रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याला मुलगा परत मिळाला. म्हणजे कमी विश्वासाचा हिशोब मागायचाच असेल तर शास्त्राप्रमाणे तो प्रार्थना करायला आलेल्या सेवकाकडे मागायचा, खाटेशेजारच्या आईबापाकडे नाही. त्या प्रचारकाने ते वाक्य तुमच्या आईला ऐकवलं याचा मला राग येतो, स्पष्टच लिहितो. दुःखात बसलेल्या माणसावर असं ओझं टाकायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही.

इथपर्यंत चमत्कार काय नाही ते झालं, ते विश्वासाचं बक्षीस नाही. मग ते आहे काय?

बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानवाला नव्हे, हा वेगळा) तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो, येणारा तो तूच आहेस की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? येशू हो किंवा नाही म्हणत नाही. तो म्हणतो, जे बघताय ते जाऊन सांगा, आंधळे बघतात, लंगडे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. यशया संदेष्ट्याची भाषा आहे ती, ३५ वा अध्याय. म्हणजे ही कृत्यं सांगतायत की देवाचं राज्य आलं की जग असं असणार आहे. त्यात नुसता रोग जात नाही, माणूस माणसांत परत येतो. कुष्ठरोग्याला येशू आधी हात लावतो, बरा होण्याच्या आधी, ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला, आणि मग याजकाकडे पाठवतो म्हणजे तो परत वस्तीत राहू शकेल. नाईनच्या मुलाला उठवल्यावर लूक लिहितो, त्याने त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं. याईर नावाच्या माणसाची १२ वर्षांची मुलगी मेली होती, तिचा हात धरून येशू "तलीथा कूम", म्हणजे 'मुली, ऊठ', म्हणाला, ती उठून चालायला लागली, घरचे सगळे थक्क होऊन उभे, आणि येशू म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. हे वाक्य मला फार आवडतं. सगळे चमत्काराकडे बघतायत आणि तो त्या भुकेल्या पोरीकडे बघतोय. देव कसा आहे हे मला त्या एका वाक्यातून जेवढं कळलं तेवढं मोठमोठ्या प्रवचनांतून कळलं नाही.

आणि हे विसरून चालणार नाही की हे सगळे बरे झालेले लोक पुढे कधीतरी मेलेच. लाजारसुद्धा. पवित्र आत्म्याबद्दल बोलताना पौल एक शब्द वापरतो, मराठी शास्त्रात तो 'विसार' असा आलाय. व्यवहार पक्का झाला की आधी थोडी रक्कम देतात तो विसार. मी बरं होण्याकडेही तसंच बघतो. पूर्ण रक्कम म्हणजे पुनरुत्थान, आणि ते येशूच्या कबरेपासून सुरू झालंय. तुमच्या मंडळीतल्या त्या गृहस्थांच्या हातात आज विसार पडला, तुमच्या भावाच्या हातात पडला नाही, पण व्यवहार दोघांचा एकच आहे आणि देणाराही एकच. भावाची रक्कम बुडालेली नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, माझा स्वतःचा विश्वास याच्यावरच उभा आहे, हे काढलं तर मला कुठल्याच खाटेजवळ जाता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मी म्हणणार नाही. काही जण सांगतील की भाऊ बरा झाला नाही पण खरा चमत्कार वेगळाच झाला, घर एकत्र आलं, तुम्ही खंबीर झालात वगैरे. तसं काही झालं असेल आणि तुम्हाला स्वतःला दिसलं तर तुम्ही सांगा, दुसऱ्याने तुमच्या तोंडात घालू नये. जे मागितलं ते मिळालं नाही, हे तसंच राहू दे. लाजाराला आता उठवायचंय हे माहीत असूनही येशू कबरेजवळ रडला. आणि गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी, त्याने स्वतः मागितलं की हा प्याला टळू दे, तो टळला नाही. तो वधस्तंभावर होता तेव्हा लोक ओरडत होते, खाली उतर म्हणजे आम्ही विश्वास ठेवतो, तो उतरला नाही. ज्यांची प्रार्थना मागितली तशी पूर्ण झाली नाही त्यांच्या रांगेत पहिला तोच उभा आहे, हे आईला नक्की सांगा.

आज चमत्कार होतात का, याबद्दल माझं मत: होतात, पण फार थोडे. डॉक्टरांनाही सांगता येत नाही असं मी एक-दोनदा बघितलंय, पण बाकी शेकडो लोकांना मी स्मशानभूमीपर्यंत पोचवलंय. फ्रान्समधल्या लूर्दचंच बघा. १८५८ साली १४ वर्षांच्या बर्नाडेटला तिथे मरीयेचं दर्शन झालं असं कॅथलिक मानतात, तेव्हापासून लाखो आजारी तिथे जातात, बरं झाल्याचं हजारोंनी कळवलं, १८८३ पासून तिथे डॉक्टरांचा स्वतंत्र विभाग कागदपत्रं तपासतो, आजार गंभीर होता का, अचानक आणि पूर्ण गेला का, परत आला नाही ना, औषधाने गेला असेल का. एवढ्या वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना ७० च्या थोड्याच वर आहेत. आणि बर्नाडेट स्वतः? आयुष्यभर आजारी राहिली, १८७९ मध्ये ३५ व्या वर्षी गेली. तिचा विश्वास कमी होता म्हणून तिला कुणी नावं ठेवली नाहीत, उलट संत म्हणून मान दिला.

आणि औषधोपचार चालू ठेवणं म्हणजे अविश्वास असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, लूक स्वतः वैद्य होता. मी तेल लावून प्रार्थना करतो आणि त्याच वेळी गोळी घेतली का तेही विचारतो. संत ऑगस्टीन म्हणायचा की पाच भाकरींत हजारो जेवले याचं लोकांना नवल वाटतं, पण मूठभर दाण्यांतून दरवर्षी आख्खं शेत उभं राहतं त्याचं वाटत नाही, आणि दोन्ही एकाच हाताचं काम आहे. डॉक्टरच्या हातून येणारं बरेपण मी त्या शेतात धरतो.

आता आईबद्दल. चर्चला चल म्हणून आत्ता आग्रह करू नका. तुमच्या पाळकांशी मात्र बोला, त्यांना सांगा की साक्षीचा वेळ असतो तसा ज्यांचं बरं झालं नाही त्यांचाही वेळ ठेवा. आमच्याकडे कुणी बरं झाल्याची साक्ष दिली की त्याच उपासनेत एक विलापाचं स्तोत्र वाचतो, बऱ्याचदा ८८ वं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला आशेची शेवटची ओळसुद्धा नाही, तरी ते शास्त्रात आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने आमेन म्हणालं होतं.

त्या बरे झालेल्या गृहस्थांनाही दूर ठेवू नका. अशा माणसांशी मी बोललोय, त्यातले बरेच जण रात्री जागे असतात, मीच का वाचलो म्हणून, आणि हे ते साक्षीत सांगू शकत नाहीत. त्यांना विचारून बघा आईला भेटायला येतील का. साक्ष द्यायला नको, नुसतं येऊन बसायला. आणि प्रचारकाचं ते वाक्य आईने परत काढलं तर तिच्याशी वाद घालू नका, मार्क ९ काढा, त्या बापाच्या वाक्यापर्यंत वाचा आणि तिथे थांबा. पुढचं तिला बोलू द्या.